न झाडलेल्या गोळीचे दप्तर

काशीचा कोतवाल काळभैरव होय, ही गोष्ट येथे येणाऱ्या यात्रेकरूस पंडे पहिल्याच दिवशी सांगतात. विश्वेश्वराचे दर्शन झाले तरी कोतवालाची अनुज्ञा घेतल्यावाचून काशीवास फलद्रूप होत नाही, असा येथला समज आहे. शहराच्या कोतवाली ठाण्यात मुख्य खुर्ची भैरवनाथाची मानतात आणि ठाण्याचा प्रत्यक्ष अधिकारी शेजारच्या खुर्चीवर बसून काम पाहतो. नव्या माणसास या प्रथेचे हसू येते. परंतु भैरवाची मूळ कथा ध्यानी घेतली म्हणजे ते हसू मावळते. त्याने ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदले ते शिवाच्या आज्ञेने. आजच्या सरकारी भाषेत बोलायचे तर ‘कर्तव्य बजावताना’. तरीही ते कपाळ त्याच्या हातास चिकटून बसले, ब्रह्महत्या पाठीस लागली आणि तीर्थामागून तीर्थे हिंडून अखेरीस काशीत कपालमोचन तीर्थावर त्याची सुटका झाली. ज्याच्या हाती शहराचा दंड सोपविला, त्याच्याच हाती पुराणकारांनी आधी त्याच्या कृत्याचा पुरावा देऊन ठेवला होता!

आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिणारी माणसे. शिपायाची काठी किती वेगाने खाली आली हे आम्हांस कळत नाही. पण ती येण्यापूर्वी कोणी कोणास काय लिहिले, आल्यानंतर कोणी काय लिहिले, आणि ते वाचले कोणी, एवढे पाहण्याची आमच्या धंद्याला सवय असते. त्या दृष्टीने काशीच्या इतिहासात एक प्रकरण आमच्या मनात घर करून राहिले आहे. ते प्रसिद्ध नाही, याचे कारण उघड आहे. त्यात गोळी सुटली नाही.

सन १८१० मध्ये कलकत्त्याच्या सरकारने पंधरावा विनियम काढून बंगाल, बिहार, ओरिसा व बनारस या प्रांतांतील काही शहरांवर घरपट्टी बसविली. राहत्या घराच्या वार्षिक भाड्यावर शेकडा पाच आणि दुकानाच्या भाड्यावर शेकडा दहा, असा तिचा दर होता. गव्हर्नर-जनरल लॉर्ड मिंटो. काशीचा हंगामी मॅजिस्ट्रेट डब्ल्यू. डब्ल्यू. बर्ड.

काशीकरांना हा कर नुसता जड वाटला नाही, तो अन्यायाचा वाटला. त्यांच्या अर्जातील युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. पूर्वीच्या सुलतानांनीही प्रजेच्या वडिलोपार्जित घरांवर कधी हात टाकला नव्हता, असे त्यांनी म्हटले. या शहरात कित्येक घरे धर्मार्थ दिलेली, कित्येक ओस पडलेली. मुद्रांक, जकात इत्यादी कर आधीच चालू. मग ही आणखी पट्टी कशासाठी? शहराच्या बंदोबस्ताच्या खर्चाची सबब सरकारला सांगण्याची सोयही फारशी नव्हती. काशीत फाटकबंदीची चाल जुनी. मोहल्ल्याच्या तोंडाशी फाटक, रात्री ते बंद, आत पहारेकरी, आणि त्याचा पगार मोहल्ल्यातील रहिवाशांच्या वर्गणीतून. ‘फाटक शेख सलीम’ यासारखी मोहल्ल्यांची नावे त्या व्यवस्थेची खूण म्हणून आजही टिकून आहेत. जे लोक आपला पहारा आपण ठेवीत होते, त्यांच्यावर कर बसवून त्यांच्याच बंदोबस्तासाठी शिपाई आणण्याचा प्रसंग पुढे आला, हे या प्रकरणाचे खरे वैचित्र्य.

डिसेंबर १८१० च्या अखेरीस हरताळ पडला. दुकाने मिटली. लोहार, सुतार, गवंडी, जुलाहे, न्हावी, शिंपी, कहार, नावाडी असे एकेक करीत सगळे धंदे थांबले. लोहार दुसऱ्याच काही कामासाठी आधीपासून जमले होते, ते या चळवळीत पुढे झाले. गावोगाव ‘धर्मपत्री’ फिरली: घरटी एक माणूस काशीस धाडावा. शहराच्या जवळ एका ठिकाणी लोक येऊन बसले आणि दिवसरात्र बसून राहिले. कलेक्टराने २ जानेवारी १८११ रोजी वरिष्ठांना कळविले की वीस हजारांहून अधिक माणसे एक प्रकारचे धरणे धरून बसली आहेत आणि पट्टी उठेपर्यंत उठणार नाहीत, असे म्हणतात. अंत्यविधी करणारी माणसे कामावर येईनात, म्हणून प्रेते संस्काराविना गंगेत सोडावी लागली, हेही त्याच पत्रव्यवहारात आहे. मरणासाठी माणसे जेथे दूरदूरहून येतात, त्या शहरात याहून मोठा हरताळ कोणता?

आमच्या महाराष्ट्रीयांची जुनी वस्ती दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत. पेशवे घराण्यातील अमृतराव कंपनीच्या सात लक्षांच्या तनख्यावर त्या काळी काशीत राहत असत. या मंडळींची बाजू कोणती होती, याविषयी तर्क करण्याचे आम्ही टाळतो. एवढे मात्र खरे की न्हावी नाही म्हणजे क्षौर नाही, नावाडी नाही म्हणजे पंचतीर्थी नाही. तेव्हा दक्षिणेतून आलेल्या यात्रेकरूसही हा हरताळ चुकला नसेल.

संख्येविषयी एक गोष्ट जाता जाता. १८२४ साली बिशप हेबर काशीस आला, तेव्हा ही हकीकत त्याने ऐकली आणि आपल्या प्रवासवर्णनात नोंदली. चौदा वर्षांत वीस हजारांचे तीन लाख झाले होते! गोळीबारात मेलेल्यांचा आकडा सरकारी कागदात लहान होतो आणि लोकांच्या तोंडी मोठा होतो, हे सर्वांस ठाऊक आहे; येथे निव्वळ बसलेल्यांचा आकडा वाढला. लोकांस आपले बसणे आठवत राहिले होते, एवढाच आम्ही त्याचा अर्थ घेतो.

आता प्रश्न बर्डचा. त्याच्यापाशी कोतवाल आणि बरकंदाज होते. छावणीत फौज होती, तिच्या सेनापतीशी, जनरल मॅक्डोनाल्डशी, त्याची सल्लामसलत चालू होती. कायद्याने पाहता बेकायदा जमाव समोर होता. कलकत्त्याहून धीर सोडण्याचा हुकूम नव्हता. उलट गोंगाटापुढे वाकून कर रद्द करावयाचा नाही, असेच सरकारचे म्हणणे होते. अशा वेळी जमावावर शिपाई घालण्याचा निर्णय एका माणसाच्या हाती येतो. इंग्रजी राज्याने पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे ज्या अधिकारावर आपला कारभार तोलून धरला, तो जागच्या अधिकाऱ्याच्या स्वविवेकाचा अधिकार हाच.

बर्डने तो वापरला तो असा. त्याने पत्रे लिहिली. डिसेंबर २५ पासून जानेवारी अखेरपर्यंत, काही वेळा दोनतीन दिवसांच्या अंतराने, तो कलकत्त्यास लिहीत राहिला. आज लोक किती, कोठे बसले, काय बोलतात, कोण येतो, कोण जातो. त्याने जाहीरनामे काढले, जमावाला विस्कळीत करण्याचे उपाय केले, पुढाऱ्यांवर नजर ठेवली. तो काही संत नव्हता. पण फौज त्याने हाताशी ठेवली आणि जमावावर घातली नाही. सरकारने ११ जानेवारीस गरिबांच्या व धार्मिक उपयोगाच्या घरांना सूट देऊन एक पाऊल मागे घेतले. पुढे काशीचे महाराज मध्ये पडले, जमाव हळूहळू उठला आणि लोकांकडून दिलगिरीचा अर्ज घेऊन सरकारने आपली अब्रू राखली. १८१२ साली ती पट्टी नव्या विनियमाने रद्द झाली.

या संयमाची कारणे शोधताना बर्डच्या अंगच्या दयाबुद्धीवर भिस्त ठेवण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. काशीच्या गल्ल्यांत फौज निरुपयोगी ठरते. १८०९ च्या ऑक्टोबरात येथे हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा होऊन लष्कर बोलवावे लागले होते; ती आठवण जेमतेम वर्षाची होती. शिवाय काशीत सांडलेल्या रक्ताची बातमी यात्रेकरूंच्या पडशीतून रामेश्वरापर्यंत जाते. ही सगळी व्यवहाराची कारणे झाली. परंतु आमच्या मते आणखी एक कारण होते, आणि ते कचेरीतल्या माणसास लवकर दिसते. जो अधिकारी आजची स्थिती आजच लिहून पाठवितो, त्याला उद्या आपल्या कृत्याचे कारण आजच्या पत्राशी जुळवून द्यावे लागते. ‘लोक शांतपणे बसले आहेत’ असे सोमवारी लिहिल्यावर मंगळवारी त्यांच्यावर गोळी झाडणे कठीण जाते.

ही सर्व पत्रे दीडशे वर्षे दप्तरात पडून होती. धरमपाल यांनी ती शोधून काढली आणि १९७१ साली सविनय प्रतिकाराच्या भारतीय परंपरेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात छापली. हा ग्रंथ काशीतूनच, सर्व सेवा संघाने प्रसिद्ध केला व त्यास जयप्रकाश नारायण यांची प्रस्तावना आहे. गांधीजींच्या शंभर वर्षे आधी काशीकरांनी सत्याग्रह केला, एवढाच बोध बहुतेक वाचकांनी त्यातून घेतला. तो खोटा नाही. पण त्याच कागदांत सत्याग्रहाच्या समोर उभ्या असलेल्या माणसाचेही चित्र आहे, तिकडे फारसे कोणी पाहिले नाही.

त्याच्या शेजारी बरेलीचे चित्र ठेवावे. सन १८१६. तेथेही करच होता, आणि तो तर उघड उघड पोलिसांसाठी: चौकीदारी कर. लोक तसेच बिथरले, दुकाने तशीच मिटली. मुफ्ती महंमद ऐवज यांच्याभोवती लोक जमले. मॅजिस्ट्रेट डंबल्टन १६ एप्रिल रोजी स्वतः घोडेस्वार व शिपाई घेऊन जमावासमोर गेला. चकमक झाली, माणसे मेली, मुफ्ती जखमी झाले. मग रामपूरकडून, पिलिभीतकडून हत्यारबंद लोक येऊ लागले आणि २१ एप्रिलला शहराबाहेर लढाईच जुंपली. तीत तीनशेहून अधिक बंडवाले मारले गेले. पाच वर्षांपूर्वी काशीस जे विनाहत्यार निभावले, ते बरेलीस तोफांवर गेले. दोन्ही ठिकाणी कायदा करणारे सरकार एकच होते.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येईल, कारण तो परिचित आहे. ४ जून १८५७ रोजी कर्नल नीलने काशीच्या छावणीत पलटणीची हत्यारे काढून घेताना गोळीबार आरंभिला, आणि त्यानंतर येथे फाशीचे सत्र चालले. बंड मोडल्यावर १८६० साली कायदा करून बंडाच्या काळातील सरकारी अधिकाऱ्यांच्या कृत्यांना संरक्षण देण्यात आले. त्याच साली पोलीस कमिशन बसले आणि १८६१ चा पाचवा कायदा, म्हणजे पोलीस अॅक्ट, जन्मास आला. त्याच्या बेचाळिसाव्या कलमाने या कायद्याखाली केलेल्या कृत्याबद्दल फिर्याद करावयाची तर ती तीन महिन्यांच्या आत, आणि एक महिना आधी लेखी नोटीस देऊन करावी, असे ठरविले. डोके फुटलेल्या कुणब्याने महिनाभर आधी नोटीस द्यावी! क्रम पाहण्यासारखा आहे. आधी बळ, मग संरक्षण, मग संस्था.

हाच क्रम पंजाबात पुन्हा दिसला. जालियनवाला बागेची चौकशी करणारी हंटर समिती नेमली जाण्यापूर्वीच, १९१९ च्या सप्टेंबरात, अधिकाऱ्यांना निर्दोष ठरविण्याच्या कायद्याचे काम कौन्सिलात उरकले होते. तरीही चौकशी झाली हे बरे झाले. सर चिमणलाल सेटलवाड यांनी डायरची उलटतपासणी घेतली नसती, तर चिलखती गाड्या बागेत शिरू शकत्या तर आपण यंत्रतोफाही चालविल्या असत्या, ही कबुली कागदावर उमटली नसती. या समितीवर लखनौचे एक वकील होते, पंडित जगत नारायण मुल्ला. हे नाव वाचकांनी ध्यानी ठेवावे.

जबाबदारी जेथे कागदावर निश्चित होत नाही, तेथे ती निश्चित करण्यास दुसरी माणसे पुढे येतात. खेडचे शिवराम हरि राजगुरू संस्कृत शिकण्यासाठी काशीस आले होते. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरास लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या, १७ नोव्हेंबरला लालाजी वारले. लाठीमाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यावर काहीच आले नाही. १७ डिसेंबरला राजगुरू व भगतसिंग यांनी त्याचा हिशेब केला, आणि तोही चुकीच्या माणसाशी. हुकूम स्कॉटचा होता, मेला साँडर्स.

१९४२ मध्ये काशीच्या उत्तरेस आझमगड जिल्ह्यात निब्लेट नावाचा जिल्हाधिकारी होता. १५ ऑगस्टला मधुबनच्या ठाण्याला हजारोंच्या जमावाने वेढा घातला, तेव्हा तो स्वतः आत होता आणि तेथे गोळीबार झाला. त्यात पुष्कळ माणसे मेली. पण वेढा उठल्यावर सूड म्हणून गावांतली घरे जाळण्याचे जे सत्र अन्यत्र चालले, ते त्याला मान्य नव्हते. वरिष्ठांस ही सौम्यता रुचली नाही आणि त्यास जिल्ह्यातून हलविण्यात आले. त्याची रोजनिशी १९५७ साली अलाहाबादेस प्रसिद्ध झाली. गोळी झाडणे व घर जाळणे यांतला भेद ज्याला कळला, त्याने रोजनिशी लिहिली, यात आम्हांस योगायोग वाटत नाही.

आता त्या मुल्लांच्या नावाकडे. जगत नारायण यांचे चिरंजीव आनंद नारायण मुल्ला उर्दूतील नामांकित कवी, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १९६१ साली एका ठाणेदाराच्या प्रकरणात निकाल देताना त्यांनी उत्तर प्रदेशातील पोलिसांविषयी अतिशय कडक उद्गार काढले. गुन्हेगारांच्या कोणत्याही एका टोळीची नोंद पोलीस नावाच्या संघटित दलाच्या नोंदीच्या जवळपास येणार नाही, अशा आशयाचे ते होते. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची विनंती एवढीच की ही वाक्ये निकालपत्रातून काढून टाकावीत. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. एका प्रकरणाच्या पुराव्यावरून सबंध दलाविषयी असे सर्वसाधारण विधान करणे योग्य नव्हे, न्यायाधीशानेही वाणीचा संयम राखला पाहिजे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले.

कायद्याच्या दृष्टीने ते म्हणणे बरोबर आहे. प्रामाणिक शिपायाचा हिशेब अप्रामाणिकाच्या खाती घालणे न्यायाचे नव्हे. तरीही या प्रकरणाचा आम्हांस विषाद वाटतो तो वेगळ्या कारणाने. सरकारने सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढली ती वाक्यासाठी. ठाण्यात काय चालते याची चौकशी करण्यासाठी तेवढाच खर्च, तेवढीच निकड कोणी दाखविली असती, तर वाक्य काढण्याची गरज कदाचित पडलीही नसती. शिवाय काढलेले वाक्य सर्वांस पाठ झाले, हा आणखी एक विनोद. आनंद नारायण पुढे १९६७ साली लखनौमधून लोकसभेवर निवडून गेले.

महाराष्ट्राचे उदाहरण वाचकांच्या डोळ्यांपुढे असेलच. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत व अन्यत्र शंभराहून अधिक माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधील गोळीबारांची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी मान्य केली नाही. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला, तेव्हा लोकसभेतील निवेदनात त्यांनी मुंबईच्या प्रश्नाबरोबर या नाकारलेल्या चौकशीचाही स्पष्ट उल्लेख केला. आपल्याकडे त्या राजीनाम्याचे स्मरण महाराष्ट्राभिमान म्हणून होते. देशमुख हे मूळचे मुलकी अधिकारी, आय. सी. एस. होते, हे आपण विसरतो. जमावबंदीचा हुकूम कसा निघतो, गोळीबारानंतरचा अहवाल कसा लिहितात, हे त्यांनी नोकरीत पाहिलेले होते. चौकशी नाकारणे म्हणजे काय, हे त्या सभागृहात त्यांच्याहून अधिक जाणणारे फार थोडे असतील.

चौकशीवाचून माणसे मरण्याचा दुसरा अध्याय मुंबईनेच लिहिला. १९९५ ते १९९७ या काळात तेथील पोलिसांच्या ‘चकमकी’ नव्व्याण्णवच्या घरात गेल्या आणि सुमारे १३५ माणसे मेली. त्यावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने चालविलेल्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिला. चकमकीपूर्वी मिळालेली खबर लेखी नोंदवावी, मृत्यू झाल्यास प्राथमिक माहिती अहवाल दाखल करावा, तपास सी. आय. डी. ने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावा. दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी. आणि शौर्याची शंका फिटेपर्यंत शौर्यपदक व बढती देऊ नये. सोळा कलमांपैकी बहुतेक कलमे कोणी, केव्हा, काय लिहावे याविषयीची आहेत. न्यायालयाने बंदुकीस कुलूप लावले नाही, तिच्याशेजारी एक वही ठेवली.

राहिला मूळ कायदा. १८९८ ची फौजदारी संहिता गेली, १९७३ ची आली; तीही जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जमाव पांगविण्याची कलमे मात्र सांगाड्याने तीच आहेत. नव्या संहितेचे १४८ वे कलम दंडाधिकाऱ्यास व ठाण्याच्या अधिकाऱ्यास जमाव पांगविण्याचा हुकूम देण्याचा व न पांगल्यास बळ वापरण्याचा अधिकार देते. १४९ वे कलम लष्करास बोलाविण्याचे आहे, आणि त्यात एक सुंदर वाक्य आहे: जमाव पांगविण्यास लागेल तितकेच, म्हणजे शक्य तितके कमी बळ वापरावे आणि जीवितास व मालमत्तेस शक्य तितकी कमी इजा करावी. हे वाक्य १९७३ च्या संहितेतही होते, आणि तेथेही ते लष्कराच्याच कलमात होते. पोलिसांच्या कलमात ते तेव्हा नव्हते व आजही नाही. पोलिसांना ते बंधन न्यायालयांच्या निकालांनी आणि खात्याच्या नियमपुस्तिकांनी घातले आहे. १५१ व्या कलमाप्रमाणे या अधिकाराखाली केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर खटला भरण्यास सरकारची मंजुरी लागते; ती मागणारा अर्ज ज्या टेबलावर येतो, तेथे आमच्यासारखाच कोणी कारकून त्यावर आवक क्रमांक घालतो.